बिननावाच्या मुलीला घेऊन अटारीला

अटारीला जाऊन आले म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "परेड पाहिली का?" नाही पाहिली. तुऱ्याचे फेटे, पाय आपटणारे जवान, टाळ्या, झेंडे, यातलं काहीच मी पाहिलं नाही. मी गेले तेव्हा तिथे चाकांच्या बॅगा, रडणारी माणसं आणि पाण्याच्या बाटल्या विकणारे होते. अमृतसरला हिंडायला जाणाऱ्यांना माझ्या या लिखाणाचा फार उपयोग होणार नाही. पण वैर असलेल्या दोन देशांच्या मधून एक तान्हं मूल न्यायचं तर काय काय लागतं ते मला त्या प्रवासात कळलं. ते फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते.

सानगडी

मी साकोली तालुक्यात सानगडीच्या बाजूच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. बाळंतपणं, लसी, गरोदर बायांची वजनं, हे माझं काम.

सानगडीच्या बाजारात लाजवंतीभाभींचं कापडाचं दुकान आहे. नवरा-बायको सिंधमधून आले त्याला बरीच वर्षं झाली. आता ते भारताचे नागरिक आहेत, मतदान करतात, आणि भाभी आमच्यासारखंच 'मले-तुले' बोलतात. त्यांची मुलगी हेमा मात्र तिकडेच राहिली, कारण आईबाप निघाले तेव्हा तिचं लग्न तिथल्या एका सिंधी घरात झालेलं होतं. हेमाचा पासपोर्ट पाकिस्तानचा.

पहिल्या बाळंतपणात तिला फार रक्तस्राव झाला होता. म्हणून दुसऱ्या वेळी ती माहेरी यायचं म्हणून अडून बसली. बाळंतपणाला माहेरी येणं त्यांच्यातही आहे, आपल्यातही आहे. व्हिसाला इतके महिने लागले की पोट दिसायला लागलं. तिचा व्हिसा आला, चार वर्षांच्या मुलाचा, साहिलचा, आला नाही. त्याला सासूजवळ ठेवून ती एकटी आली.

त्या व्हिसावर भारत देश लिहिलेला नव्हता. फक्त भंडारा जिल्हा लिहिलेला होता. आल्याबरोबर पोलिसांत हजेरी. नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं तर त्याचीही आधी परवानगी. मी तिला एकदा भंडाऱ्याच्या पोलीस कार्यालयात घेऊन गेले, तेव्हा तिथली बाई म्हणाली, "सिस्टर, पोट्टी चांगली हाये, पण पासपोर्ट वाईट हाये." हेमाला मराठी समजत नव्हतं. तिने हसून मान हलवली.

शस्त्रक्रिया करून मुलगी झाली. आमच्याकडे बारशाला नाव आत्या ठेवते. सिंध्यांतही तेच आहे, आत्याला ते पुफी म्हणतात. पण पुफी सिंधमध्ये. आणि भाभींच्या घरी असं मानतात की मूल मांडीवर घेतल्याशिवाय नाव ठेवू नये, दुरून ठेवलेलं नाव लागत नाही. तेव्हा नाव तिकडे गेल्यावर, असं ठरलं. जन्माच्या दाखल्यात नावाची जागा रिकामी राहिली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्या भागात कितीतरी मुलांचे दाखले असेच निघतात, बारसं झालं की नाव टाकून आणतात, कुणाचं काही अडत नाही. घरात तिला सगळे चिमी म्हणायला लागले.

मग दोन देशांत बिनसलं. बिनसलेलं होतंच, ते आणखी बिनसलं. टीव्हीवर आलं की त्यांच्या नागरिकांचे व्हिसा रद्द, अमुक मुदतीत अटारीवरून बाहेर पडायचं. सानगडीचा बीट जमादार दुकानात आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. मला म्हणाला, "सिस्टर, तुमीच समजवा त्यायले. मले बी बरं नाही वाटत हे सांगाले."

हेमाजवळ पासपोर्ट होता. चिमीजवळ काहीच नव्हतं. ती जन्मली भंडाऱ्यात, पण आई-बाप दोघेही पाकिस्तानचे, म्हणून भारताची नाही. पाकिस्तानच्या दप्तरी तिची नोंद नाही, म्हणून त्यांचीही नाही. तिला त्यांच्या दिल्लीतल्या वकिलातीतून प्रवासाचा कागद काढावा लागणार होता. भाभींचे यजमान साखरेचे रोगी, पायाचं बोट नुकतंच कापलेलं, ते घराबाहेर पडू शकत नव्हते. भाभींनी मलाच धरलं.

"सिस्टरबाई, तुमीच चला ना. हेमाच्या पोटाले अजून ओढ लागते. रस्त्यात काही झालं तं मी एकटी का करू?"

मी रजा टाकली. नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला.

"तू कायले जाऊन राहिली? उन्हाळी धान उभा हाये बांदीत."

"धान मी कापतो का? हार्वेस्टर कापते."

"लोकं का म्हनतीन?"

"लोकायच्या पोरायले लसा मीच देतो. म्हनतीन तं म्हनू दे."

त्याने भावाला फोन केला असावा. माझा दीर जवाहरनगरला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत आहे, क्वार्टरमध्ये राहतो. संध्याकाळी त्याचा फोन आला. "वयनी, तुमी कोनासंग जाऊन राहिल्या, मालूम हाये ना? माह्या फॅक्टरीत समजलं तं मले चौकशीले उभं करतीन."

"भाऊ, तुमच्या फॅक्टरीत का बनते ते मले मालूम नाही. त्या पोट्टीच्या पोटाले टाके हायेत ते मले मालूम हाये."

"तसं नाही वयनी. जा तुमी. पन फोटू-बिटू नोका टाकू कुठी."

फोटो टाकायची सवय मला तशीही नाही.

गाडीत

साकोलीहून नागपूरला जीपने, तिथून दिल्लीची गाडी. हेमाच्या बाहेर जायच्या परवानगीत वाटेवरची दिल्लीही लिहून घेतली होती, नाहीतर दिल्लीत उतरणं हाच गुन्हा झाला असता.

भाभींनी कोकी घेतली होती. कांदा-मिरची घातलेली त्यांची जाड पोळी, दोन दिवस खराब होत नाही. मी लाखोळीच्या डाळीचे वडे आणि हेमासाठी अळिवाचे लाडू घेतले. हेमाला वडे इतके आवडले की लाडू तसेच राहिले. मी रागावले. "लाडू दुधासाठी आहेत, वडे जिभेसाठी." तिला हिंदीत सांगितल्यावर ती म्हणाली, "आंटी, दूध तो बहुत है. इतना है कि दो पी लें." खरं होतं. दूध भरपूर होतं आणि चिमी बाळसेदार होती.

समोरच्या बाकावर नागपूरच्या एक बाई होत्या. त्यांनी विचारायच्या आत भाभींनीच सांगून टाकलं, "सुवर्णमंदिरात चाललो. नातीचा नवस हाये." बाईंनी मुलीला मांडीवर घेतलं. नाव काय म्हणून विचारलं. आम्ही तिघी एकमेकींकडे बघायला लागलो.

"अजून ठेवलं नाही," मी म्हटलं.

"एवढी मोठी झाली नं बाप्पा! आत्या नाही का हिले?"

"आहे. लांब असते."

"मग बोलवा तिले. कुठी असते?"

हेमा खिडकीबाहेर बघत होती. भाभी म्हणाल्या, "दुबई." बाईंचं समाधान झालं.

दिल्ली

वकिलातीसमोरच्या रस्त्यावर आमच्यासारखीच माणसं बसलेली होती. कुणाची बायको इकडची, कुणाचा नवरा तिकडचा. एक म्हातारा हृदयाची शस्त्रक्रिया करून घ्यायला आला होता, ती झालीच नव्हती. तपासण्यांची फाइल घेऊन परत चालला होता. तिथे कुणी राजकारण बोलत नव्हतं. सगळे एकमेकांना एवढंच विचारत होते की कोणता कागद मागतात आणि झेरॉक्स कुठे निघते.

आमचा नंबर आला. खिडकीतला माणूस वयस्क होता, आवाज हळू. त्यांच्या कार्यालयातली माणसं कमी होत होती, तो एकटाच दोन-तीन जणांचं काम करत असावा. त्याने दाखला पाहिला, उलटून पाहिला, पुन्हा सुलट केला.

"बच्ची का नाम?"

"अभी रखा नहीं है," हेमा म्हणाली.

"बीबी, बिना नाम के मैं किस के लिए काग़ज़ बनाऊँ?"

भाभी मागून ओरडल्या, "चिमी लिख दो भाईसाहब! चिमी!"

तो हसला नाही, चिडलाही नाही. तोंडी सांगितलेलं चालत नाही, दाखल्यावर असेल तेच नाव लिहितो, नाव टाकलेला दाखला आणा, म्हणाला. आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

म्हणजे आता दोन गोष्टी हव्या होत्या. एक नाव, आणि ते नाव चढवलेला दाखला. दाखला निघणार होता भंडारा जिल्ह्यातून. मुदत संपायला फार वेळ नव्हता.

पदपथावर कडुनिंबाच्या सावलीत आम्ही बसलो. मी म्हटलं, कोणतंही नाव ठेवा आणि मोकळ्या व्हा. भाभी तयार होत्या. हेमाने नकारार्थी मान हलवली. "नाम शोभा रखेगी. उसका हक़ है." शोभा म्हणजे तिची नणंद. पहिल्या मुलाचं नाव त्या बाळंतपणातल्या गोंधळात सासऱ्यांनीच ठेवून टाकलं होतं आणि त्यावरून नणंद वर्षभर बोलत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. घराघरातल्या या गोष्टी कोणत्याच सरहद्दीला ऐकत नाहीत.

मोबाईलवर व्हिडिओ लावला. तुटत होता, लागत होता. शोभा दिसली, डोक्यावर ओढणी, मागे हिरव्या रंगाची भिंत. चिमीला पाहून ती रडायला लागली. नाव ठेव म्हटल्यावर मात्र तिने रडणं थांबवलं.

"गोद में लिए बग़ैर? ना भाभी, ना. अपशगुन होगा. जितने दिन देर होनी है हो, पहले गोद में दो."

हेमा सिंधीत समजावत राहिली. ती ऐकेना. शेवटी मी फोन हातात घेतला.

"बहनजी, मैं नर्स हूँ. आप नाम नहीं रखोगी तो ये बच्ची आप की गोद में आएगीच नहीं. सीधी बात है."

ती माझ्याकडे बघत राहिली. चित्र अडकलं की ती गप्प झाली, मला कळेना. मग आवाज आला, "फ़ोन उसके कान पे लगाओ."

मी फोन चिमीच्या कानाला लावला. आतून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. चिमी दचकली आणि भोकाड पसरलं. पलीकडे शोभा रडता रडता हसायला लागली, "देखो, अभी से पुफी से डरती है!"

नाव रोमा. भाभींनी कोपऱ्यावरच्या टपरीतून गोळ्या आणल्या आणि रांगेतल्या सगळ्यांना वाटल्या. तपासण्यांची फाइल घेतलेल्या म्हाताऱ्याने दोन घेतल्या. एक खाल्ली, एक खिशात ठेवली. त्या रस्त्यावर तेवढाच एक चांगला अर्धा तास गेला.

मी नवऱ्याला फोन करून नाव सांगितलं. अर्ज हेमाच्या सहीचा लागतो म्हणून तिची सही कागदावर घेऊन फोटो पाठवला. तो मोटरसायकल घेऊन निघाला. धानाबद्दल एक शब्द बोलला नाही. दुपारी त्याचा फोन, "सायेब मिटिंगले गेले. सही उद्या." दुसऱ्या दिवशी दाखला मोबाईलवर आला. रोमा, लिंग स्त्री, जन्मस्थान भंडारा. तो छापून आम्ही खिडकीशी पोचलो तेव्हा खिडकी बंद झाली होती. आत दिवा चालू होता. दारावरच्या शिपायाने सांगितलं, आता सोमवारी.

मुदत सोमवारच्या आधी संपत होती.

मुदतीनंतर हेमा भारतात सापडली तर तो गुन्हा. म्हणून ठरवलं की सोमवारची वाट पाहायची नाही, अटारीला जायचं. दाखला आहे, नाव आहे, आईच्या कडेवर तिचंच मूल आहे, जाऊ देतील. भाभींना तसं वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही.

अमृतसर

पंजाबात धान लावतात हे मी ऐकून होते, म्हणून मला आपल्यासारख्या बांद्या, धुऱ्यांवर झाडं, मध्ये एखादी बोडी म्हणजे लहान तळं, असं काहीतरी वाटलं होतं. तसं काही नाही. गहू निघालेली सपाट शेतं, धुरे नाहीत, तलाव नाही. पाणी जमिनीतून नाहीतर कालव्यातून. धान लावतात ते विकायला. खातात गहू. त्याच रात्री गुरुद्वाऱ्याच्या सराईत आम्हाला खोली मिळाली, लंगरमध्ये रोटी-डाळ मिळाली, आणि भात मागितला तर चिमण्यांना टाकावा तेवढा. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या सरदारणीने विचारलं, "चावल रोज़ खाते हो? फिर ताक़त कहाँ से आती है?" मी म्हटलं, "आम्हालाही तोच प्रश्न पडतो." तिला मराठी कळलं नाही, पण ती हसली आणि माझ्या ताटात आणखी एक रोटी टाकली.

दुसऱ्या दिवशी अटारी. माझ्याजवळ पासपोर्ट नाही, आयुष्यात कधी लागला नाही. भाभींजवळ आहे, पण व्हिसा नाही. त्यामुळे आम्हा दोघींना पहिल्या अडथळ्यापाशीच थांबवलं. हेमा चिमीला घेऊन आत गेली. मी उन्हात उभी राहून रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडले. काहीतरी करायचं म्हणून.

बऱ्याच वेळाने हेमा परत आली. चिमी कडेवरच होती. बरोबर एक महिला अधिकारी होती, डोळे लाल, कपाळावर घामाने केस चिकटलेले. तिने चांगल्या हिंदीत सांगितलं. आईचा पासपोर्ट ठीक. मुलीजवळ त्या देशाचा कोणताही कागद नाही. ते तिला आत घेणार नाहीत, आणि पलीकडचे घेणार नाहीत असं मूल आम्ही सोडू शकत नाही, ते मधल्या रस्त्यावर अडकेल. आजी भारतीय आहे, तिच्या ताब्यात लिहून देता येईल. आईला उद्याचा दिवस आहे.

"किंवा," ती म्हणाली, "आईला इथेच राहायचा अर्ज करता येईल. हिंदू आहे, कदाचित होईल. पण मग परत जाणं विसरायचं. किती वर्षं, ते मी सांगू शकत नाही."

"मेरा बेटा उधर है," हेमा म्हणाली.

अधिकारी बाईने तिच्याकडे पाहिलं. "मालूम है. फॉर्म में लिखा है." आणि ती पुढच्या कुटुंबाकडे गेली. तिच्यापुढे अजून पुष्कळ कुटुंबं होती.

सराईतली संध्याकाळ

भाभी पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. मग रडणं थांबवून हेमाशी सिंधीत बोलायला लागल्या, आणि मला कळावं म्हणून तेच पुन्हा आमच्या बोलीत.

"राहून जा ना, बेटा. इथं मी हाये, बाप हाये. पोट्टी तुह्या दुधाची हाये. साहिलले त्याची आजी हाये, बाप हाये."

तेवढ्यात साहिलचा फोन आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की अम्मी उद्या येणार. त्याने विचारलं, बहीण माझ्याएवढी आहे का. मग त्याने तिच्यासाठी ठेवलेला एक प्लास्टिकचा ट्रक दाखवला, त्याचं एक चाक नव्हतं. हेमा म्हणाली, हो, हो, येते. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"आंटी, आप सच बोलो. बोतल पे ये जी लेगी?"

भाभी माझ्याकडे बघत होत्या. मी नाही म्हणावं अशी त्यांची नजर होती. खोटं बोलायला फार कष्ट पडले नसते. 'नाही' एवढं म्हटलं असतं तर हेमा राहिली असती.

पण मी या कामात आयुष्य काढलं आहे. आई गेलेली, आईला दूध नसलेली, जुळी, कितीतरी मुलं मी बाटलीवर आणि वाटी-चमच्यावर वाढलेली पाहिली आहेत.

"जगेल," मी तिला हिंदीत सांगितलं. "पाणी उकळून घ्यावं लागेल, भांडी स्वच्छ लागतील, ते मी बघेन. जगेल."

"और साहिल? मैं नहीं गई तो?"

"तो चार वर्षांचा आहे. त्याला कळेल की तू आली नाहीस."

हेमाने चिमीला पाजायला घेतलं. भाभी उठून खोलीबाहेर गेल्या. त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

पाजून झाल्यावर मी हेमाला समजावलं की आता दूध साचेल, छाती दगडासारखी होईल, ताप येईल. सुती ओढणीने घट्ट बांध. गार पाण्याच्या पट्ट्या ठेव. फारच ताठलं तर थोडंसं काढ, पूर्ण रिकामं करू नकोस, रिकामं केलंस तर पुन्हा भरतं. लाल चट्टे दिसले तर डॉक्टरकडे जा, लाजू नकोस. हळूहळू सुकेल. ती शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत ऐकत होती. मी ओढणी बांधून दाखवली. मग तीच सोडली, कारण सकाळपर्यंत अजून दोन-तीनदा पाजायचं होतं.

फाटक

सकाळी फार काही घडलं नाही. त्या जागी कुणाला फार वेळ देत नाहीत. भाभींनी ताबा घेतल्याच्या कागदावर सही केली. हेमाने अडथळ्याच्या अलीकडे, भिंतीच्या आडोशाला, एकदा पाजलं. चिमी पिता पिता झोपली. हेमाने तिला माझ्याकडे दिलं, आईकडे नाही. आईकडे दिलं असतं तर दोघींपैकी कुणीच सोडलं नसतं, एवढं तिला कळत होतं.

हमालाने तिची बॅग उचलली. ती मागे वळली नाही. चालताना तिचा एक हात पोटाच्या टाक्यांवर होता. मला तेवढीच काळजी वाटली की ती जड काही उचलेल.

ती दिसेनाशी झाल्यावर चिमीने शी केली आणि तेव्हा लक्षात आलं की हमालाने बॅग चुकीची नेली. आमच्याजवळ हेमाचे कपडे, शाल आणि साहिलसाठी घेतलेले बूट राहिले. चिमीचे लंगोट, झबली, दुधाचा डबा, बाटली, सगळं पाकिस्तानात गेलं. मी परत आत जाऊ शकत नव्हते. हेमाच्या एका सुती कमीजचे तुकडे केले आणि गुंडाळले. अटारीच्या बाजारात बाटली मिळाली, डबाही मिळाला. बूट भाभींनी पिशवीच्या तळाशी ठेवले.

परतीची गाडी

चिमी बाटली घेईना. चमच्याने घातलं तर थुंकायची. झाशी येईपर्यंत रडून रडून तिचा आवाज बसला. शेजारच्या डब्यात एक बाई होती, बैतूलला उतरणारी, तिच्या मांडीवर सहा-सात महिन्यांचं मूल. ती स्वतःच उठून आली.

"इसकी माँ कहाँ है?"

मी तोंड उघडायच्या आत भाभी म्हणाल्या, "माँ नहीं रही."

बाईने आणखी काही विचारलं नाही. जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. तिने पदर ओढून चिमीला घेतलं. आजार-बिजार विचारायला हवं होतं, तो माझा धंदाच आहे. मी एवढंच विचारलं की ताप वगैरे नाही ना. नाही म्हणाली. चिमी चुटूचुटू पिऊ लागली.

ती बाई गेल्यावर मी भाभींना म्हटलं, "असं कायले सांगितलं? जित्या पोरीले मारलं तुमी."

"तं का सांगू सिस्टरबाई? पाकिस्तानात हाये म्हटलं असतं, तं पाजलं असतं का तिनं?"

कदाचित पाजलं असतं. कदाचित नाही. बैतूल आलं तेव्हा ती बाई उतरली आणि खिडकीबाहेरून हात हलवून गेली, आणि भाभी तिच्याकडे न बघता चादर घडी करत बसल्या.

सानगडी, आता

चिमी जगली. भांडी मी स्वतः जाऊन बघत होते, पहिले काही आठवडे रोज. आता तिला चार दात आहेत. उष्टावण झालं. पेज खाते, वरण-भात खाते, लाखोळीच्या वड्याचा मऊ भाग काढून दिला तर तोही. भाभींना 'आ' म्हणते. नावाचा दाखला घेऊन आम्ही भंडाऱ्याच्या पोलीस कार्यालयात विचारायला गेलो तेव्हा कळलं की तिला आईच्या देशाचा पासपोर्ट काय की वकिलातीतला प्रवासाचा कागद काय, दोन्हींसाठी आता आई किंवा बाप समोर हवेत, ते यायला व्हिसा हवा, आणि व्हिसे बंद आहेत. फाटकही बंद आहे. उघडेल तेव्हा कळेल.

हेमा पोचल्यानंतर आठवडाभराने तिचा निरोप आला. मला वाटलं तापाबद्दल असेल.

"आंटी, मैंने बाँधा नहीं. दूध निकालती हूँ और फेंक देती हूँ. सूखने नहीं देना. कितनी बार निकालूँ?"

मी तिला सराईत सांगितलेलं सगळं उलटं करून लिहिलं. दर तीन तासांनी. दोन्हीकडचं, पूर्ण रिकामं करायचं. रिकामं केलंस तर भरतं.

तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी तिचा निरोप येतो. दूध कमी झालंय, काय खाऊ. अळीव लिहिलं. इकडे मिळत नाही, म्हणाली. मेथी लिहिली. सासू म्हणते हे वेडेपण आहे, असं तिने एकदा लिहिलं. आता लिहिते, थोडंच येतं, पण येतं.

इतके महिने चमच्याने जेवलेलं मूल पुन्हा अंगावर घेत नाही. हे उपकेंद्रातल्या कुठल्याही आशाताईला माहीत आहे. गेल्या आठवड्यात लसीला आणली तेव्हा मी चिमीचं वजन केलं, कार्डावर लिहिलं, आणि फोन बघितला. हेमाने विचारलं होतं, रात्रीचं एक वेळचं सोडलं तर चालेल का, साहिल जागा होतो.

मी लिहिलं, नाही. रात्रीचं सोडायचं नाही. रात्रीचंच सगळ्यात महत्त्वाचं असतं.